फियाटचा आवाज आणि हरण्याचे कान

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या लहानपणी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या घरी कोणी घड्याळाकडे पाहत नसे. अंगणातल्या पेरूखाली अंग मुडपून पडलेला आमचा कुत्रा हरण्या डोके उचली, कान मागे घेऊन क्षणभर स्तब्ध होई आणि उठून फाटकाशी जाऊन उभा राही. ते पाहिले की आई स्टोव्हवर तवा चढवी. वडिलांची फियाट त्या वेळी अजून दोन वळणे पलीकडे असे आणि आम्हा भावंडांना तिचा कसलाही आवाज येत नसे. सोलापूरच्या होटगी रस्त्याने तेव्हाही ट्रक जात, जीपगाड्या जात, दुसऱ्या कोणाच्या फियाटही जात. पण हरण्या उठे तो एकाच गाडीसाठी. त्या गाडीविषयी आणि त्या कुत्र्याविषयी आज मला बोलायचे आहे. दोघांविषयी एकत्रच बोलतो, कारण माझ्या आठवणीत ती दोघे कधी वेगळी झालेलीच नाहीत.

गाडी १९६८ सालची, फियाट ११०० डिलाइट, फिकट राखाडी रंगाची. वडिलांचा चाटी गल्लीत सुताचा व्यापार होता आणि त्यांनी ती १९७६ मध्ये जुनी म्हणून विकत घेतली. नवी गाडी हवी असेल तर त्या काळी पैसे भरून, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे चांगली राखलेली जुनी गाडी मिळणे हेच भाग्याचे मानले जाई. गाडी पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला वडील आधी एक गोष्ट सांगत आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली असली, तरी तो कारखाना उभा करणारा माणूस आपल्या सोलापूरचा आहे, असे ते म्हणत. ते खरेच होते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात व्हाव्यात म्हणून आयुष्य वेचलेल्या या उद्योजकाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि पुढे तिनेच इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने या गाड्या बांधल्या. १९७४ पासून याच गाडीला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली, ती बातमी ऐकली त्या दिवशी मला वडिलांची फार आठवण झाली.

हरण्या आमच्या घरी आला तोही याच गाडीतून. वडील सुताच्या वसुलीसाठी विजापूरकडे जात असत. एका फेरीत इंडी तालुक्यातल्या एका मेंढपाळाने त्यांना दीड महिन्याचे पिल्लू दिले. हरणासारखा रंग, लांब तोंड, पोट पाठीला लागलेले आणि पाय अंगाच्या मानाने फार लांब. ते कारवानी जातीचे होते. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, दख्खनभर फिरलेली ही जात. मुधोळच्या घोरपडे राजांनी तिच्याकडे लक्ष दिले म्हणून तिला मुधोळचा कुत्रा असेही म्हणतात. टपाल खात्याने २००५ मध्ये भारतीय कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. ते तिकीट मी अजून जपून ठेवले आहे.

मागच्या सीटवर सोलापुरी चादर अंथरून त्यावर ते पिल्लू ठेवले होते. त्या प्रवासात तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि चादरीतल्या सुताचा वास त्याच्या नाकात इतका बसला असावा, की पुढे त्याला घरापेक्षा गाडीच अधिक आपली वाटत असे. त्याला कन्नड समजे, मराठी समजायला वर्ष लागले. ‘ये’ म्हटले तर तो नुसता पाहत राही. ‘बा इल्ली’ म्हटले की धावत येई. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषा बोलल्या जात, त्यामुळे कोणालाच त्यात नवल वाटले नाही.

आता त्या आवाजाची गोष्ट सांगतो. १९८१ च्या पावसाळ्यात फियाट धूर सोडू लागली आणि इंजिनाचे काम काढावे लागले. शहराच्या पूर्व भागातले एक मिस्त्री आमची गाडी पाहत. त्यांची मातृभाषा तेलुगू होती, बोलणे मोजके होते आणि गाडी आली की ते आधी बॉनेट उघडत नसत, गाडी चालू ठेवायला सांगून तिच्याभोवती एक फेरी मारत. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. १०८९ सीसीचे ते चार सिलिंडरचे साधे इंजिन; त्याच्या कोणत्या भागात काय झिजले आहे, हे ते असे ऐकून सांगत आणि इंजिन खोलल्यावर तेच निघे. या खेपेला सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून घासून रुंद करून, नवे पिस्टन बसवले, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, नव्याने सेट केले आणि सडलेला सायलेन्सरही बदलला. तीन आठवड्यांनी गाडी घरी परतली. वडील खुशीत होते, कारण इंजिन इतके शांत त्यांनी कधीच ऐकले नव्हते.

त्या संध्याकाळी हरण्या उठला नाही. गाडी फाटकाशी आली, तेव्हा तो परक्या गाडीवर धावून जावा तसा धावला आणि भुंकत राहिला. वडील खाली उतरले तेव्हा तो गप्प झाला, त्यांच्या हाताचा वास घेतला आणि पुन्हा गाडीकडे पाहून गुरगुरला. वडिलांच्या चेहऱ्यावरची ती व्याकुळता मला अजून दिसते. गाडी तीच होती, वासही बहुधा तोच होता. पण तिचा आवाज कोणीतरी नेला होता. पुढचे दोन दिवस हेच चालले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला दुपारी पुढच्या सीटवर बसवले आणि नवे पिस्टन रुळावेत म्हणून सावकाश अक्कलकोटपर्यंत नेऊन आणले. चौथ्या दिवशी साडेसातला तो पुन्हा फाटकाशी उभा होता. मिस्त्रींना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले की कुत्रा कोणत्या बाजूच्या कानाने ऐकतो ते तुम्ही पाहिले आहे का. त्या दिवसापासून गाडी दाखवायला नेली की ते हरण्यालाही बरोबर आणायला सांगत.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचे, हे मी नंतर शाळेत शिकलो. पण केवळ कानाच्या ताकदीने याचा उलगडा होत नाही, असे मला वाटते. त्या काळची प्रत्येक गाडी तिच्या मालकाच्या हातून, रस्त्याच्या धुळीतून आणि मिस्त्रीच्या पान्यातून थोडी थोडी वेगळी घडत जाई. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन फियाटींचे बोलणे पाच वर्षांनी सारखे राहत नसे. म्हणूनच कुत्र्याला त्यांतली एक ओळखता येई, आणि आम्हालाही हळूहळू येऊ लागली.

कारवानी कुत्रा शिकार करतो ती नाकाने नव्हे, डोळ्यांनी. बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळाजवळून जाताना हे फार स्पष्ट कळे. समोरच्या दाराला जी लहान तिरकी काच असते, ती आतल्या बाजूला वळवली की वारा थेट तोंडावर येतो, आणि हरण्याने ती जागा स्वतःसाठी राखून ठेवली होती. माळावर आम्हाला नुसते पिवळे गवत दिसत असताना तो एकदम ताठ होई, मान पुढे काढी आणि थरथरू लागे. त्याच्या नाकाच्या रेषेत पाहत राहिले की बऱ्याच वेळाने काळविटांचा कळप नजरेस पडे. १९७९ पासून तो परिसर माळढोकांसाठी अभयारण्य झाला. वडील तेथे गाडी थांबवत, पण आधी सगळ्या काचा वर करत आणि हरण्याच्या पट्ट्याची साखळी हाताला दोन वेढे देऊन धरत. त्याला तेथे त्यांनी एकदाही मोकळे सोडले नाही. त्याची तगमग पाहून आम्हाला वाईट वाटे, तरी वडिलांचे ते करणे योग्य होते.

सोलापूरचा उन्हाळा आपल्याला वेगळा सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या पुढे पाण्याने भरलेली जाड कापडाची छागल टांगलेली असे. तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना रेडिएटर उकळे; कधी इंजिनाच्या उष्णतेने गाडीतल्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी आचके देऊन बंद पडे. मग जुना सोलापुरी टॉवेल भिजवून त्या पंपावर ठेवायचा आणि झाडाखाली वाट पाहायची. भिजवलेला दुसरा टॉवेल हरण्याच्या पंजांखाली असे, कारण कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि बाकीची उष्णता तो धापा टाकून बाहेर घालवतो. छागलीतले गार पाणी आधी त्याला, मग गाडीला आणि शेवटी आम्हाला मिळे. बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही एकटे ठेवायचे नाही, असा वडिलांचा दंडक होता. आजही बाजारात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत एखादे कुत्रे दिसले की माझा जीव घाबरा होतो, आणि मी मालकाला शोधून आणल्याशिवाय तेथून हलत नाही.

हरण्या आठ वर्षांचा असताना राणी आली. ती गावठी, काळी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत आमच्या मागे लागून घरापर्यंत चालत आलेली. ती कधीच गाडीत बसली नाही. तिने गाडीखालची सावली पसंत केली आणि ऑइलचे थेंब पडून तिची पाठ नेहमी चिकट राहू लागली. तिच्यामुळे गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लागली. दसऱ्याला फियाटची पूजा होई, तेव्हा झेंडूची एक माळ हरण्याला असे आणि राणीसाठी एक माळ गाडीखाली सरकवावी लागे.

हरण्या १९८८ च्या हिवाळ्यात गेला. शेवटचे काही महिने त्याला ऐकू येत नव्हते. तरी साडेसातला तो फाटकाशी जाई, बहुधा पायांखालच्या जमिनीवरून त्याला कळत असावे. होटगीजवळच्या आमच्या शेतात त्याला नेले, ते मागच्या सीटवर, त्याच्याच चादरीवर. वडिलांनी त्या दिवशी वाटेत कोठेही हॉर्न वाजवला नाही.

फियाट अजून माझ्याकडे आहे. घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, ती इतकी निःशब्द येते की फाटकाच्या कडीचा आवाज झाल्यावरच आमची आताची कुत्री सोनी डोळे उघडते. दर रविवारी सकाळी बॅटरी उतरू नये म्हणून मी फियाटच्या बॉनेटवर दोनदा थाप मारतो, चोक ओढतो आणि इंजिन सुरू करतो. सोनी तीन वर्षांची आहे, तिने हरण्याला पाहिलेले नाही. तरी ती घरात कोठेही असली तरी तो आवाज होताच येते, डाव्या बाजूच्या पुढच्या दाराशी बसते आणि दार उघडेपर्यंत हलत नाही. मागच्या रविवारी मी तिला घेऊन अक्कलकोट नाक्यापर्यंत जाऊन आलो. लहान तिरकी काच तिने स्वतःच नाकाने ढकलून उघडली.

नमस्कार.