तापलेलं चाक

(दृश्य: पहाट. बाजार समितीचं भाजीपाला मार्केट. रिकाम्या होत असलेल्या गाड्या, ओल्या रस्त्यावर पालापाचोळा.)

नाव वाशी मार्केट, जागा तुर्भ्याची. रात्रभर इथे कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर उतरत राहतात आणि उजाडता उजाडता गाड्या परतीच्या वाटेला लागतात. ही पिकअप मात्र निघालेली नाही. ती मार्केटच्या मागच्या एका गाळ्यासमोर उभी आहे आणि तिच्या डाव्या चाकातून जळका, तिखट वास येतोय.

गाडी ओतूरची. माळशेज उतरून मुरबाड, कल्याण, शिळफाटा, महापे असा तिचा नेहमीचा रस्ता.

"मिस्त्री, कल्याणपासनंच डावीकडं वढती गाडी. म्हटलं, हवा कमी असंल."

हवा बरोबर होती. मिस्त्री तळहाताची मागची बाजू उजव्या चाकाजवळ नेतात, मग डाव्या. डाव्या चाकापासून वीतभर अंतरावरच हात मागे येतो.

(दृश्य: सायन-पनवेल महामार्ग. उरणकडे जाणारे कंटेनर ट्रेलर.)

या मोठ्या ट्रेलरचं ब्रेकचं गणित निराळं. तिथे बहुतेक ड्रम आणि हवेचा दाब. कॅलिपर शोधून सापडायचा नाही. पिकअपला मात्र पुढच्या चाकांत डिस्क असते. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड आणि वर चिमट्यासारखा बसलेला कॅलिपर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन बाहेर येतो, आतलं पॅड थाळीवर टेकवतो; मग कॅलिपर स्वतः दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचं पॅड ओढून घेतो. पिस्टन परत नेणारी स्प्रिंग यात कुठेच नाही. पिस्टनभोवतीचं चौकोनी कडेचं रबरी सील दाबाने किंचित पिळवटतं आणि पाय उचलल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे खेचतं. सगळा मोकळेपणा तेवढाच. त्यात थोडा गंज आला, की ब्रेक धरून बसतो.

(दृश्य: गाडी जॅकवर, खाली घोडी. चाक हाताने फिरवताना.)

चाक अर्धा फेरा जेमतेम घेतं. ड्रायव्हरने निदान केव्हाच करून टाकलंय: "कॅलिपरच बदलून टाका."

मिस्त्री बदलत नाहीत. कॅलिपरवर ऑइल सोडायचं निपल असतं; त्याला पाना लावून ते अर्धा आटा सैल करतात. काळपट ऑइलचे दोन थेंब येतात. चाक पुन्हा फिरवून बघतात; तसंच घट्ट.

या दोन थेंबांनी बरंच सांगितलं. निपल सोडल्यावर चाक सुटलं असतं, तर दाब लाइनमध्ये अडकलाय असं ठरलं असतं. मग संशय कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या रबरी नळीवर, म्हणजे होजवर, नाहीतर पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरवर. होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजला की पायाचा जोर पुढे जाऊ देतो, परत येऊ देत नाही. अशा गाडीला नवा कॅलिपर बसवला तरी आठवड्यात तोच वास. इथे दाब सुटूनही चाक अडकलेलंच आहे. म्हणजे दुखणं कॅलिपरच्या घरातलंच.

कॅलिपर उतरतो. तो होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. हेल्पर पोऱ्या तारेने वर बांधतो. पॅड बाहेर येतात.

(क्लोजअप: मिस्त्रींच्या तळहातावर पॅड.)

नीट बघा. वरच्या टोकाला मसाला, म्हणजे थाळीवर घासणारा थर, अजून जाड आहे. खालच्या टोकाला पत्रा उघडा पडत आलाय. पॅड तिरपं झिजलंय. वरची पिन सरकते, खालची सरकत नाही, म्हणून कॅलिपर वाकडा बसतो.

खालची पिन काही केल्या येत नाही. गंज सोडवणारं तेल, थोडी कळ, पान्याने इकडे-तिकडे पीळ, पुन्हा तेल. हातोडा बाजूलाच पडून आहे. मिस्त्री त्याच्याकडे बघतही नाहीत. वीस मिनिटांनी पिन निघते ती लाल गंज आणि डांबरासारखं झालेलं ग्रीस घेऊन. तिच्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेलं. माळशेजचा पाऊस आणि वॉशिंगचं प्रेशर, पाणी शिरायला तेवढी फट पुरते.

"कुणीतरी चेसिसचं ग्रीस भरलंय बघा यात," मिस्त्री म्हणतात.

साधं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही. रबर फुगतं, पिन आणखी आवळते. इथे ब्रेकचंच ग्रीस लागतं. चार पैसे वाचवायला गेलेल्याने पॅडची जोडी घालवली.

पिनेवर खड्डे पडलेत, म्हणून पिन नवी, बूट नवे. भोक तारेच्या ब्रशने साफ होतं. पॅडची धूळ मात्र हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ती छातीत जाते. पिस्टनचा बूट शाबूत आहे, पिस्टन शिकंज्याने दाबल्यावर गुळगुळीत आत जातो. म्हणून सीलचं किट घातलं जात नाही. नवीन पॅड उजवीकडेही बसतात. एकाच बाजूला घातले तर गाडी पुन्हा ओढणार.

(दृश्य: पोऱ्या सीटवर, मिस्त्री चाकाशी.)

"दाब... दाब... धरून ठेव." निपल उघडतं, बुडबुडे येतात, बंद होतं. "सोड." जुनं ऑइल पूर्ण जाईपर्यंत हेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यायलेल्याची हमी १४० पर्यंत खाली येते. माळशेजच्या उतारावर ते उकळलं, वाफ झाली, तर पेडल स्पंजासारखं खाली जातं.

गाडी खाली उतरते. हलवण्याआधी पोऱ्या चार-पाच वेळा पेडल मारतो, कारण आत ढकललेला पिस्टन अजून पॅडपासून लांब आहे; पहिला ब्रेक थेट तळाला गेला असता.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक चक्कर. परत आल्यावर मिस्त्री दोन्ही चाकांजवळ हात नेतात. दोन्ही सारखीच कोमट.

ड्रायव्हर तिरपं पॅड फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवतो.

"मालकाला दावायला. नाहीतर म्हणतील, रात्रभर मार्केटात झोपला हुता."