‘ध’चा ‘मा’ आणि हिमोग्लोबिन

(ठाण्यात, नौपाड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

‘ध’चा ‘मा’ तुम्हाला काय सांगायचा! १७७३ साली नारायणराव पेशव्यांबद्दल ‘धरावे’ लिहिलं होतं, त्याचं ‘मारावे’ झालं म्हणतात. हकिकत खरी की दंतकथा, ते इतिहासकार बघतील. एका अक्षरापायी माणूस जिवानिशी गेला, माझं काम तेवढ्यावर भागतं.

जनुकांतही असंच एक अक्षर बदलतं. हिमोग्लोबिन म्हणजे लाल रक्तपेशींतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन, अल्फा आणि बीटा साखळ्यांच्या जोड्यांचं. त्यातली बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची, म्हणजे १४६ मण्यांची माळच. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल. डीएनएची लिपी ए, टी, जी, सी या चार अक्षरांची, त्यात या आम्लाची अक्षरं जीएजी. मधल्या ‘ए’चा ‘टी’ झाला की तिथे व्हॅलीन येतं. बाकीची १४५ जागच्या जागी. पण ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, पाण्यात ते सुखानं नांदतं. व्हॅलीन तेलकट वृत्तीचं, पाण्यापासून अंग चोरणारं. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवरच्या खोबणीत हे व्हॅलीन जाऊन बसतं, त्या शेजाऱ्याचं पुढच्यात. अशा लांबच लांब दोऱ्या वळल्या जातात आणि गोल पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी होते. हाच सिकलसेल आजार.

हे मी विद्यार्थ्यांना दाखवते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट, वर कव्हरस्लिप आणि कडेनं चक्क नेलपॉलिश. (माझ्या पर्समधली बाटली त्यातच संपते.) बाहेरची हवा बंद, आतला ऑक्सिजन रसायनानं ओढून घेतलेला. चहा घेऊन परत आलात की विळे तयार!

प्रथिनातच खोट आहे हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवलं. नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललंय, ते जीवशास्त्रज्ञ व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये सांगितलं.

आता गंमत बघा. त्याच जीएजीचं जीएए झालं तर काहीच होत नाही, तेही ग्लुटामिक आम्लच. एएजी झालं तर लायसीन येतं. त्या हिमोग्लोबिनला ‘सी’ म्हणतात, त्याचा त्रास बराच सौम्य. म्हणजे अक्षर बदललं एवढ्यानं घाबरायचं नाही. त्या जागी काय आलं, ते बघायचं.

अक्षर गळलं तर मात्र पंचाईत. पेशी तीन-तीन अक्षरं वाचते. ‘मदन परत बघच’ यातला ‘द’ काढा आणि पुन्हा तीन-तीन वाचा: ‘मनप रतब घच’. पुढचं सगळं वाक्य वाया.

आणि काही बदल प्रथिनाच्या मजकुरात नसतातच. बीटा जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे वाचताना कापून टाकायच्या तुकड्यात, पाचव्या अक्षराला ‘जी’चा ‘सी’ होतो. भारतात बीटा थॅलेसेमियात, म्हणजे बीटा साखळी कमी पडल्यानं होणाऱ्या रक्ताच्या आजारात, हा बदल सर्वाधिक आढळतो. कात्री कुठे चालवायची तेच कळेनासं होतं, चांगली साखळी जेमतेम बनते. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात आणि पेशी अस्थिमज्जेतच मरतात.

सिंधी समाजात वेगळा बदल खूप दिसतो: ६१९ अक्षरांचा तुकडाच गायब. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, सिंधी कुटुंबं आली. सामानसुमान सिंधमध्ये राहिलं, जनुकं बरोबर आली. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यातून साठणारं लोह काढायला औषधं वेगळी.

शेवटी एका काकांनी विचारलं, “मग पत्रिकेऐवजी रिपोर्ट जुळवायचे का?” काका, पत्रिका खुशाल जुळवा, पण एचबीए-टूची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची, रक्ततपासणी आधी करा. वाहकात, म्हणजे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसात, त्याचं प्रमाण साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर जातं, एरवी वाहकाला काही जाणवतही नाही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता चारात एक. प्रत्येक गरोदरपणात, बरं का. पहिलं मूल आजारी म्हणजे पुढची तीन सुटली, हा हिशेब मी फार घरांत ऐकलाय.