सकाळी दहाचं तापमान

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर एका शहराचा रंगीत नकाशा. समोर दोन खुर्च्या.)

लँडसॅट ८ हा उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. जातो तेव्हा खाली साधारण सकाळचे दहा वाजलेले असतात. जमिनीचा पृष्ठभाग किती तापलाय ते तो टिपतो आणि त्या आकड्यांवरून असा नकाशा रंगतो. डांबर, छपरं, पार्किंगच्या मोकळ्या जागा लाल. झाडी आणि पाणी निळं.

नकाशासमोर दोघी बसल्या आहेत. एक पीएचडी करतेय, दुसरी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धाकटीला लाल पट्ट्यात एक निळा डाग दिसतो. तिथे ना बाग, ना तळं, नुसती गोदामं. आपल्याला काहीतरी सापडलं, असं तिला वाटतं. थोरली उत्तर सांगत नाही. त्याच दिवसाचं साधं छायाचित्र उघड, एवढंच म्हणते. छायाचित्रात, नेमका त्या जागी, ढगाचा एक तुकडा! उपग्रहाने तिथली जमीन मोजलेलीच नाही. मोजलाय तो ढगाचा थंड माथा. मग असे ढग वगळायचे कसे, प्रत्येक चित्रासोबत येणारी गुणवत्तेची फाइल वाचायची कशी, यात अख्खी दुपार जाते.

प्राध्यापकांकडे अशी दुपार सहसा नसते. असली तरी आपण शिकताना कुठे अडलो होतो, हे त्यांना आता आठवेलच असं नाही. पीएचडीच्या मुलीला आठवतं. तिला अडून फार दिवस झालेले नाहीत.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं, खोलीभर पसरलेले संगणक.)

वॉरन वॉशिंग्टन यांनी १९६४ मध्ये वातावरणशास्त्रात पीएचडी मिळवली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारे ते दुसरेच आफ्रिकन-अमेरिकन. पुढे हवामानाची संगणकीय प्रारूपं घडवणाऱ्या पहिल्या फळीत त्यांचं नाव लागलं. पण वाट रुंद झाली म्हणावं, तर तसं नाही. तिथल्या पृथ्वीविज्ञानातल्या पीएचडींमधलं वांशिक वैविध्य ४० वर्षांत जवळजवळ वाढलेलंच नाही, असं २०१८ मध्ये 'नेचर जिओसायन्स' या विज्ञान नियतकालिकातल्या एका लेखाने आकडेवारीनिशी दाखवलं.

अमेरिकेतच, कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे १९९६ मध्ये 'सोर्स' (SOARS) नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याची रचना अशी : पदवीचे विद्यार्थी उन्हाळाभर संशोधन करतात. विज्ञानासाठी एक मेंटॉर, म्हणजे सोबतीने शिकवणारा मार्गदर्शक, लेखनासाठी दुसरा. आणि विद्यावेतन मिळतं. आमच्या मते या सगळ्यात मोठी गोष्ट तीच. सुट्टीत कमवून घरी पैसे द्यावे लागणाऱ्या मुलीला 'अनुभवासाठी फुकट काम कर' म्हणणं म्हणजे तिला दारातूनच परत पाठवणं.

बाकीच्या अडचणी कागदावर येत नाहीत. प्राध्यापकांना पहिला ईमेल कसा लिहायचा? बैठकीत काही कळलं नाही तर तिथेच विचारायचं की नंतर? ज्यांच्या घरात कुणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही, त्यांनी हे विचारायचं कुणाला? शेजारच्या खुर्चीला.

(दृश्य : १९३०च्या दशकातला शहराचा नकाशा, काही वस्त्या लाल रंगात.)

१९३०च्या दशकात अमेरिकेत सरकारी यंत्रणेने शहरांचे असे नकाशे बनवले. लाल रंगातल्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या. कृष्णवर्णीयांच्या आणि स्थलांतरितांच्या अनेक वस्त्या त्यात होत्या. १०८ शहरी भागांमधलं, लँडसॅट ८ ने टिपलेलं आजचं तापमान या नकाशांशी ताडून पाहणारा अभ्यास २०२० मध्ये आला. ९४ टक्के ठिकाणी पूर्वीच्या लाल वस्त्या जास्त तापलेल्या निघाल्या. सरासरी फरक २.६ अंश सेल्सिअस. झाडं कमी, डांबर जास्त.

धाकटी अशाच एका वस्तीत वाढलेली. हा अभ्यास वाचून ती विचारते : पण हे आकडे तर सकाळचे ना? आमच्याकडे खरा त्रास रात्री होतो. भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर उष्णता सोडत राहतात. पहाटेपर्यंत खोली निवत नाही.

प्रश्न रास्त आहे. शिवाय उपग्रह मोजतो ते पृष्ठभागाचं तापमान. खोलीतल्या हवेचं नव्हे. थोरलीला हे दोन्ही ठाऊक होतं, पण आपल्या प्रबंधात तिने ते मर्यादांच्या परिच्छेदात एका ओळीत उरकलं होतं. धाकटीने तीच ओळ संशोधनाचा विषय करून टाकली.

(दृश्य : आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. खाली रात्रीची पृथ्वी.)

अंतराळ स्थानकावर २०१८ पासून 'इकोस्ट्रेस' नावाचं उपकरण बसवलेलं आहे. स्थानक एकाच जागेवरून वेगवेगळ्या वेळी जातं, त्यामुळे रात्रीचंही तापमान मिळतं. मात्र वेळा ठरलेल्या नाहीत, ढगांचा त्रास आहेच, आणि दोन रात्रींची तुलना करायची तर आधी बरीच चाळण लावावी लागते. थोरलीने हे आकडे कधी हाताळलेले नाहीत. या कामाने तिच्या प्रबंधात एक पानही वाढणार नाही आणि तिच्या समितीला मेंटॉरिंगचे तास दिसत नाहीत. दिसतात ते शोधनिबंध. विद्यापीठांनी याचा हिशेब अजून नीट मांडलेला नाही.

या वेळी माउस धाकटीच्या हातात आहे. पहिली फाइल उघडते. अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. दोघीही मदतपुस्तिका शोधू लागतात.