देवीचं दळण

नमस्कार. बाहेर एवढी झड लागलेली असताना खुर्च्या भरल्यात, मला फार बरं वाटलं. फळ्यावर विषय लिहिलाय ‘निघोजची कुंडं कशी घडली’. ते सांगणार आहेच. पण आधी हात वर करा बघू, निघोजला कोण कोण जाऊन आलंय? अरे वा, अर्धं सभागृह! आता, तिथून गोल गुळगुळीत गोटा घरी आणलेले किती? हं, बघा, हात कसे खाली गेले! बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत शोभेला ठेवलाय ना? टेबलावर हा एक गोटा मीही आणलाय. त्याच्याकडे शेवटी येते.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नगर रस्त्यानं शिरूर गाठायचं आणि आत वळायचं, पुण्यापासून साधारण ९० किलोमीटर. वाटेत रांजणगावचा महागणपती लागतो, त्यामुळे निम्मी सहल तिथल्या भेळेतच संपते. पुढं कुकडी नदी. अलीकडे शिरूर तालुक्यातली टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. सपाट माळावरून चालत असता आणि एकदम पायाखालची जमीन चिरल्यासारखी घळ दिसते. काळ्या कातळात शेकडो खळगे. काही वाटीएवढे, काही अख्खा माणूस उभा मावेल असे. लोक त्यांना रांजणखळगे म्हणतात. पाठ्यपुस्तकातही हाच शब्द आहे. काठावरच्या माणसांनी रोजच्या वापरातल्या भांड्यावरून तो दिला, याचा मला नेहमी आनंद होतो.

दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं आहेत. चैत्र वद्य अष्टमीला निघोजला देवीची यात्रा भरते आणि त्या वेळी तिथल्या बारवेतून पाण्याखालची घागर आपोआप वर येऊन दर्शन देते, अशी श्रद्धा आहे. मी भूगोलाची शिक्षिका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ‘बरं, बरं’ म्हणून पुढं गेले. आज मात्र त्या गोष्टीपाशी थांबावंसं वाटतं. एका बाजूला नदी दगडाचे रांजण घडवतेय, दुसऱ्या बाजूला देवी पाण्यातून घागर वर काढतेय. एकाच परिसरातल्या लोकांना पाणी आणि भांडं इतकं जवळचं वाटावं, हे मला उगाच झालेलं वाटत नाही.

आता ती सहल. सातवीचा वर्ग, एप्रिलचं ऊन, नदीला धारेपुरतं पाणी. कोरड्या खळग्यांच्या तळाशी गोटे होते, अंड्यासारखे गोल. मुलं म्हणाली, “बाई, घेऊ का?” मी म्हटलं, “घ्या, वर्गाच्या कपाटात नमुने ठेवू.” चूक माझी होती, मुलांची नव्हे. दप्तरं जड झाली आणि आम्ही देवळापाशी आलो. तिथं नारळ विकणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी एका मुलाचं दप्तर नुसतं बघितलं आणि मला म्हणाल्या, “बाई, रांजणातलं बाहेर काढू नये. देवीचं दळण अजून व्हायचंय.”

मी म्हटलं, “आजी, दळण कसलं?” त्या म्हणाल्या, “पाण्याला काय हात असत्यात? ते गोट्यांनी दळतं. तुमी खुंटाच काढून न्यायला लागलाय जात्याचा.”

चाळीस मुलं गप्प. मला पुस्तकातलं अर्धं पान पाठ होतं. ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं, तेही देवीचं नाव घेऊन. आम्ही सगळे परत फिरलो. एक मुलगी रडवेली होऊन विचारते, “बाई, माझा गोटा कुठल्या रांजणातला होता?” कुणालाच सांगता येईना. आजी मागून ओरडल्या, “टाक कुठंबी, पूर आला की ती लावील नीट!” खळग्यांतून ते टप टप आवाज येत राहिले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. म्हणजे फळ्यावरचा विषय आता भराभर घेते.

हा आपला दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झाला. थंड होताना त्याला भेगा पडल्या, वायूचे बुडबुडे अडकून छिद्रं राहिली. पुराचं पाणी अशा कच्च्या जागी अडखळतं आणि भोवरा होतो. भोवऱ्यात गोटे सापडतात, गरगर फिरतात, तळ आणि भिंती घासतात. स्वतःही झिजतात, म्हणून गोल. झिजून संपले की पुढचा पूर नवे आणतो. शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत पातळ होत होत फुटते, असे अनेक रांजण जोडले जातात आणि घळ खोल होत जाते. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठवा. याच जातीच्या दगडात ते माणसांनी छिन्नीनं कोरलं. नदीची छिन्नी म्हणजे हा गोटा.

आणि एक गोष्ट घाईत का होईना, सांगितलीच पाहिजे. नाणेघाटाजवळ उगम पावून कुकडी खाली येते, पण वर माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. वरचे बरेचसे गोटे आता धरणांच्या मागेच अडतात. म्हणून खळग्यांत आज जे आहेत त्यांचं मोल वाढलंय. त्यात आपण ते उचलतो आणि त्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या टाकतो. मला याचा फार राग येतो.

दुसरी चिठ्ठी आली. आता हा गोटा. निवृत्तीच्या दिवशी वर्गाचं कपाट रिकामं करताना मागच्या कोपऱ्यात सापडला, त्याच सहलीतला. आता माझे गुडघे त्या कातळावर उतरू देत नाहीत. सध्या पुराच्या दिवसांत कुणी खाली उतरायचंही नाही, झुलत्या पुलावरूनच बघा. पण दिवाळीनंतर कोण जाणार आहे? त्या मागच्या रांगेतल्या ताई? या, इकडे या. जरा जड आहे, दोन्ही हातांनी धरा.