कडक भाकरीचा क्वास

सोलापुरातल्या एका घराच्या गच्चीवर, ऊन उतरल्यानंतर, लांब टेबलावर चार बाटल्या आणि टोकाला मातीचे एक मडके मांडलेले आहे. यजमान काही वर्षे नोकरीनिमित्त जर्मनीत होते. तेथे घरच्या वापरापुरती बिअर करण्याची कायद्याने मुभा असल्यामुळे त्यांना तो छंद जडला. महाराष्ट्रात मात्र 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. त्यामुळे त्यांनी छंद तोच ठेवून पेये बदलली. आज चाखायला ठेवलेल्या पेयांचे किण्वन (आंबणे) लवकर थांबवलेले आहे, आणि एकात तर ते झालेलेच नाही.

सुरुवात जिंजर बीअरने होते. नावात बीअर असली तरी हा आल्याचा फसफसणारा सरबतच आहे. किसलेले आले आणि साखर पाण्यात रोज थोडी थोडी घालत गेले की आठवड्याभरात त्याचे विरजण धरते, कारण आल्याच्या सालीवरचे यीस्ट साखर खाऊन वायू सोडू लागते. सोलापूरचा पारा 40 अंशांपलीकडे गेला की हे काम इतक्या झपाट्याने होते की एका मे महिन्यात मध्यरात्री काचेची बाटली फुटली. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा डाग अजून गेलेला नाही. तेव्हापासून प्रत्येक खेपेला एक बाटली प्लास्टिकची भरली जाते. ती दाबल्यावर टणक लागली की बाकीच्या सगळ्या फ्रिजमध्ये जातात.

डाळिंबाच्या सोड्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र ज्या शहरालगत केगावला आहे, तेथे डाळिंब टाळणे अवघड होते. परंतु गोडी यीस्टने खाल्ल्यावर उरतो तो सुंदर रंग आणि जिभेला आवळणारा तुरटपणा.

खरी उत्सुकता आहे ती तिसऱ्या बाटलीची. रशियात शिळ्या राय ब्रेडपासून क्वास नावाचे पेय करतात. यजमानांनी तो ब्रेडऐवजी सोलापूरच्या ज्वारीच्या कडक भाकरीपासून केला आहे. कच्च्या ज्वारीतले पिष्ट बार्लीपेक्षा अधिक उष्णतेला फुलते, त्यामुळे ज्वारीपासून पेय करणाऱ्याची तेथेच अडचण होते. भाकरी तव्यावर आधीच भाजलेली असल्याने ते काम बरेचसे उरकलेले असते. भाकरीचे तुकडे गडद तपकिरी होईपर्यंत पुन्हा भाजून गरम पाण्यात भिजवतात. ते पाणी गाळून निवल्यावर त्यात गूळ व यीस्ट घालतात आणि बाटलीत पंढरपूरकडचे चार बेदाणे टाकतात. बेदाणे वर तरंगू लागले की वायू धरला असे समजायचे. पेल्यात ओतल्यावर रंग कोऱ्या चहासारखा दिसतो. आधी तव्यावर करपलेल्या पापुद्र्याचा वास येतो, मग गूळ आणि शेवटी हलकी आंबट झाक. माझ्या मते या टेबलावरचे हेच पेय सर्वांत उजवे आहे.

त्यानंतर हॉप्सचे पाणी येते. बिअरला कडूपणा देणारी ही वाळलेली फुले येथे नुसत्या पाण्यात मुरवलेली आहेत. कडू चव जिभेवर रेंगाळते, म्हणून ते आधी देत नाहीत. यजमानांच्या आत्याबाई एकच घोट घेऊन म्हणतात, “अरे, हे तर काडेचिराइताचं पाणी की!” चव सांगावी तर अशी.

शेवटी मडक्याचे झाकण निघते. वेळ अमावास्येला शेतात जाते तीच ही आंबील: रात्रभर आंबवून शिजवलेले ज्वारीचे पीठ, ताक, लसूण, जिरे आणि मीठ. पहिल्या तीन बाटल्यांमध्ये मुख्य काम यीस्टचे होते, येथे ते आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंचे आहे. म्हणून आंबील फसफसत नाही, घट्ट आणि शांत असते. हॉप्सचा कडूपणा तिच्या दोन घोटांत निघून जातो.

शेंगदाण्याची चटणी यजमानांनी इतका वेळ मुद्दाम आत ठेवली होती, कारण तिखटाने जीभ पोळल्यावर कोणतीच चव नीट कळत नाही. पाहुण्यांची त्याबद्दलची कुरकूर पहिल्या पेल्यापासून चालू आहे. आता परात गच्चीवर येते, आणि उरलेल्या कडक भाकरीचा कडाडून मोडल्याचा आवाज होतो.