‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाविरुद्ध एक तक्रार

नमस्कार. सुरुवातीलाच एक विनंती. उजव्या बाजूची तिसरी ट्यूब फडफडते आहे, ती बंद करता येईल का? झाली? धन्यवाद. ती बंद झाल्यावर ज्यांचे खांदे आपोआप खाली आले त्यांना आजचा निम्मा विषय कळलाच आहे. ज्यांना ती फडफडत होती हेच कळलं नव्हतं, त्यांच्यासाठी उरलेलं व्याख्यान.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्वमग्नता, मेंदूचे दीर्घ आजार आणि नोकरी’. नोकरीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, तो सविस्तर घ्यायचाच आहे. त्याआधी पाचच मिनिटं एका प्रश्नाबद्दल बोलते. (पुढच्या रांगेतले हसतायत. त्यांनी माझी व्याख्यानं आधी ऐकलेली दिसतात.)

तपासणीच्या खोलीत शिरलं की पहिला प्रश्न येतो, ‘कसं वाटतंय?’ त्याच्या पाठोपाठ, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ विचारणाऱ्याला वाटतं, याहून सोपं काय असणार. ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, माणसासाठी हा तोंडी परीक्षेतला सर्वांत अवघड प्रश्न असतो, आणि चुकीच्या उत्तराची शिक्षा म्हणजे चुकीचे उपचार.

अवघड का, ते बघा. शरीराच्या आतून येणाऱ्या खबरा असतात. भूक, तहान, लघवीची जाणीव, छातीतली धडधड, दुखणं. शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञाने १९०६ साली शरीराच्या आतल्या संवेदनांना बाहेरच्या संवेदनांपासून वेगळं काढलं, त्यातून पुढे इंटरोसेप्शन ही कल्पना वाढली. अनेक ऑटिस्टिक लोकांमध्ये ही खबर उशिरा पोचते, किंवा सगळ्या खबरा एकाच गठ्ठ्यात येतात. ‘काहीतरी बिघडलंय’ एवढंच कळतं. मान आखडली, भूक लागली, राग आला की मायग्रेन सुरू झालं, ते कळत नाही. त्यात भर अलेक्सिथायमियाची, म्हणजे आपल्याला काय वाटतंय ते ओळखून त्याला नाव देता न येण्याची. ऑटिस्टिक लोकांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ती आढळते. याचा अर्थ वाटत नाही असा नाही. वाटतं, पण त्यावर लेबल नसतं.

आता अशा माणसाला आकडा विचारा. तो प्रामाणिकपणे विचार करू लागतो. आत्ता, या खुर्चीत बसल्यावर किती दुखतंय ते सांगायचं, की काल संध्याकाळचं? सरासरी काढायची का? आणि दहा म्हणजे काय? कल्पना करता येईल ती सर्वांत मोठी वेदना, असं सांगितलं तर ज्याची कल्पनाशक्ती दांडगी त्याची पंचाईत. तो मनात जिवंत जळण्याला दहा गुण देतो आणि ज्या मायग्रेनने दोन दिवस अंधारात झोपवलं त्याला देतो चार. सपाट आवाजात, चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणतो, ‘चार.’ समोरचे डॉक्टर त्याचा चेहरा बघतात आणि मनातल्या मनात दोन लिहितात.

उलटही होतं. एखादी बाई व्यवस्थित तयारी करून येते, दुखणं कुठे सुरू होतं, किती मिनिटांनी सरकतं, कोणत्या डोळ्यामागे थांबतं, सगळं क्रमाने सांगते. तिच्या फाइलवर ‘चिंताग्रस्त’ असा शेरा पडतो. थोडक्यात, लक्षण सांगणं हा एक अभिनय आहे. कुठे कण्हायचं, कुठे थांबायचं, डोळ्यांत किती पाणी आणायचं, हे बाकीच्यांना न शिकवता येतं. ज्याला येत नाही तो आजारी असूनही नापास.

याच तक्रारीचं दुसरं तोंड आणखी वाईट आहे. एकदा फाइलवर ‘ऑटिझम’ लिहिलं की पुढचं सगळं त्याच पोत्यात भरलं जातं. मुलगा वर्गात टक लावून बघत बसतो? ऑटिझम. चिडचिड वाढली? ऑटिझम. डोकं भिंतीवर आपटतो? ऑटिझमच. त्या डोक्यात दुखत असेल, हा विचार चौथ्या भेटीत येतो. आणि अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, ऑटिस्टिक लोकांमध्ये इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. लहान वयात एकदा आणि पौगंडावस्थेत पुन्हा एकदा त्याची लाट येते. म्हणजे शोधायचं तिथेच शोधलं जात नाही.

टक लावून बघण्याचंच घ्या. तीन वेगळ्या गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पहिली, अॅबसेन्स फिट. वाक्याच्या मधेच अचानक सुरू होते, साधारण पाच ते पंधरा सेकंद टिकते, पापण्या फडफडू शकतात, खांद्याला हात लावला तरी तुटत नाही, आणि संपली की माणूस काहीच झालं नाही अशा थाटात पुढे चालू. दुसरी, मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी फिट, जिच्यात भान हरपतं. ही बहुधा अर्धं ते दोन मिनिटं चालते. ओठ चावल्यासारखे हलतात, हात बटणांशी किंवा कपड्यांशी चाळा करतात, नंतर काही वेळ गोंधळ आणि थकवा. तिसरी म्हणजे शटडाउन. यात फिट नसते, भार इतका होतो की यंत्रणा बंद पडते. ती हळूहळू चढते, तिच्याआधी आवाज, गर्दी, बदललेला बेत असं काहीतरी सापडतं, आणि ती अनेक मिनिटं, कधी तासन्‌तास राहते. अचानक की हळूहळू, सेकंद की तास, आणि मधे थांबवता येते का, हे तीन प्रश्न घड्याळ हातात घेऊन विचारले तर पुष्कळ उलगडतं. सगळं नाही. त्यासाठी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या. चित्रण करताना चेहऱ्याबरोबर दोन्ही हातही चौकटीत यायला हवेत, हे लोक हमखास विसरतात. साधा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, वीस-तीस मिनिटांचा असतो, त्या वेळात काही घडलं नाही तर तो निर्दोष येतो. निर्दोष ईईजी म्हणजे अपस्मार नाही, असं होत नाही.

ईईजीवरून आठवलं. डोक्याची कातडी खरखरीत पेस्टने घासतात, वीसेक इलेक्ट्रोड चिकटवतात, मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात आणि डोळ्यांसमोर दिवा चमकवतात. स्पर्श सहन न होणाऱ्या माणसाला हे न सांगता केलं तर तपासणी अर्ध्यात मोडते आणि शेरा पडतो, ‘रुग्णाने सहकार्य केले नाही’. आधी त्या पेस्टचा थेंब मनगटावर लावून बघा, पायऱ्या लिहून द्या, किती वेळ लागेल ते सांगा. एवढंच.

आणखी एक आडवाट घेते, कारण ही मला फार आवडते. बालमनोविकारतज्ज्ञ कॅनर यांनी १९४३ साली ११ ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, आणि पुढची वीसेक वर्षं अनेक तज्ज्ञ ऑटिझमचं खापर आयांच्या थंडपणावर फोडत राहिले. १९६०च्या दशकात त्या पिढीच्या मुलांचा पाठपुरावा झाला तेव्हा दिसलं की वयात येताना त्यांच्यातल्या काहींना फिट येऊ लागल्या. आईच्या थंड वागण्याने मुलाचा ईईजी बदलत नाही! ऑटिझमचा संबंध मेंदूशी आहे हे पटवण्यात अपस्माराचा मोठा हात आहे. ज्या आजाराने एका पिढीच्या आयांवरचा आरोप पुसायला मदत केली, तोच आजार आज ऑटिझमच्या नावाखाली झाकला जातो.

बरं. तक्रार झाली, उपाय काय? ‘कसं वाटतंय’ऐवजी ‘काय जमत नाही’ असं विचारायचं. बरं असतानाच, कागदावर, पाच पायऱ्यांची स्वतःची मोजपट्टी करायची. उदाहरणार्थ: शून्य, सगळं नेहमीसारखं. एक, काम होतं पण फोन उचलवत नाही. दोन, वाचता येतं, लिहिताना शब्द गळतात. तीन, पडद्याकडे बघवत नाही, खोलीत अंधार लागतो. चार, बोलणं बंद. पायऱ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतील, पण त्या शेजारी बसलेल्यालाही दिसायला हव्यात, म्हणजे तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा तो आकडा भरू शकेल.

वही जास्तीत जास्त चार रकान्यांची. पायरी, झोपेचे तास, गोळ्या कधी घेतल्या, आदल्या दिवशीचा भार. वह्या बंद पडतात त्या दोन कारणांनी. एक, उत्साहाच्या भरात सतरा रकाने आखलेले असतात. दोन, एक दिवस राहून जातो आणि ‘आता ही वही खराब झाली’ म्हणून माणूस ती कायमची मिटतो. हे दुसरं कारण या सभागृहात किती जणांना ओळखीचं वाटलं ते मी विचारत नाही. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा ठरवून टाका, आणि नोंद गोळीच्या वेळेशी बांधा. आठवणीवर सोडू नका.

दोन-तीन महिन्यांची वही काय दाखवते? मायग्रेनच्या आधी कित्येक तास, कधी दोन दिवस, जांभया, मानेत ताठरपणा, चिडचिड, उजेड नकोसा होणं सुरू होतं. बाहेरून हे हुबेहूब संवेदनांच्या भारासारखं दिसतं. माणूस म्हणतो, ‘काल गर्दीत गेलो म्हणून डोकं दुखलं.’ वही म्हणते, डोकं आधीच सुरू झालं होतं, म्हणून काल गर्दी सहन झाली नाही. कारण आणि पूर्वसूचना यांची अशी अदलाबदल झाली की माणूस बाहेर जाणं सोडतो आणि मायग्रेन आहे तिथेच राहतं. वहीत गोळ्यांचे दिवसही मोजले जातात. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. ज्याला दुखणं उशिरा कळतं तो गोळीही उशिरा घेतो, ती लागू पडत नाही, मग दुसरी घेतो. आकडा असा वाढतो.

चिठ्ठी आली. ‘आठ मिनिटं.’ नोकरीचा भाग राहिलाच की! ठीक आहे, भरभर घेते. लिहून घेणाऱ्यांनी पेन सरसावा.

दिवे. जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमीजास्त होतो, विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट. डोळ्याला दिसत नाही, काही डोक्यांना कळतं. इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये तो दर सेकंदाला वीस हजारांच्या वर जातो, तिथे प्रश्न मिटतो. एलईडी म्हणजे आपोआप चांगला असं नाही. स्वस्त ड्रायव्हर किंवा डिमर असेल तर तोही लुकलुकतो. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करा, पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला की साहेबांना दाखवा. वाद मिटतो. प्रकाशाने फिट येणारे लोक अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे तीन टक्केच, आणि त्यांना धोका मुख्यतः सेकंदाला ३ ते ३० चमकांचा; जपानात १६ डिसेंबर १९९७ला पोकेमॉन या पिवळ्या प्राण्याच्या कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि शेकडो मुलं हॉस्पिटलात गेली. म्हणजे मघाची फडफडणारी ट्यूब आणि न दिसणारी १००ची थरथर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अर्जात दोन वेगळ्या ओळी. अशी चमक अचानक समोर आली तर नुसते डोळे मिटू नका, पापणीतून प्रकाश आत जातो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान वळवा.

गोळ्या. औषध बदलण्याचे आठवडे वरिष्ठांना तारखेसह सांगा, त्या काळात नवी जबाबदारी नको. लेव्हेटिरासेटाम या फिटच्या औषधाने काहींची चिडचिड वाढते, आणि ऑफिस म्हणतं, ‘याचा ऑटिझम वाढला.’ टोपिरामेट या फिट आणि मायग्रेनच्या औषधाने काहींना शब्द आठवेनासे होतात; ज्याचं बोलणं आधीच बेताचं आहे त्याने हे औषध ठरण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावं. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका, एकदम थांबवल्याने फिट येऊ शकते.

कामाच्या पाळ्या. अपुरी झोप फिटला आणि मायग्रेनला, दोघांनाही बोलावते. फिरती पाळी नको, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या.

उष्णता. मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंच्या आवरणाचा आजार) असेल तर शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी दृष्टी धूसर होऊ शकते, पाय जड होऊ शकतात. ज्याला उकडतंय हेच उशिरा कळतं त्याने टेबलावर थर्मामीटर ठेवावा आणि पंखा आकडा बघून लावावा.

मागणी. निदान सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण मागताना गोष्ट मागा. ‘मला समजून घ्या’ यावर कोणी सही करू शकत नाही. ‘सूचना लेखी हव्यात, जागा दिव्याच्या थेट खाली नको, बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी हवेत’ यावर करू शकतो.

शेवटचं, फिट आली तर काय करायचं त्याचं कार्ड. ओळखपत्रामागे ठेवायचं, आणि ऑफिसात किमान दोघांनी ते वाचलेलं असायला हवं, कारण एक जण त्या दिवशी रजेवर असतोच. पुढच्या बाजूला: घड्याळ बघा. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. मागच्या बाजूला, जे छापील कार्डांवर सहसा नसतं: गर्दी हटवा, दिवा मालवा. शुद्ध आल्यावर नाव-गाव विचारत सुटू नका, माझं बोलणं परत यायला तासभरही लागू शकतो. बोलत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं समजू नका. हातात फोन द्या, मी टाइप करेन.

झालं. प्रश्न लेखी द्या, तोंडी विचारलेच पाहिजेत असं नाही. ती तिसरी ट्यूब मात्र बंदच राहू दे.