बावीस जण गप्प होते

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

टेक्ससमध्ये वेको शहराच्या थोडं उत्तरेला, हायवेला लागून एक बेकरी आहे. चेक लोकांनी तिकडे नेलेली ‘कोलाचे’ नावाची गोड पावं घ्यायला गाड्या थांबतात, रांग लागते. २००८ साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने तिथे छुपे कॅमेरे लावले. काउंटरवरचा माणूस नट, हिजाब घालून आलेली मुलगी नटी. तो तिला सांगतो, तुला इथे काही मिळणार नाही, चालती हो. रांगेतली बाकी माणसं मात्र खरी. त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही.

‘व्हॉट वुड यू डू?’ या मालिकेचं ते पहिलं वर्ष. सूत्रसंचालक जॉन किन्योनेस. हा सॅन अँटोनियोचा, मेक्सिकन वंशाच्या घरातला. लहानपणी आईवडिलांबरोबर मिशिगनमध्ये चेरी तोडायला जायचा. म्हणजे काउंटरच्या चुकीच्या बाजूला उभं राहणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

तर त्या बेकरीत काय झालं? एका गृहस्थाने सांगितलं की त्याचा मुलगा इराकमध्ये वर्षभर लष्करात राहून नुकताच परत आलाय, आणि त्याचा या मुलीच्या हक्काशी काही एक संबंध नाही. दोन तरुणी भांडून निघून गेल्या. एका गिऱ्हाइकाने उलट काउंटरवाल्याचं कौतुक केलं! सगळा हिशोब मांडला तेव्हा १३ जण मुलीच्या बाजूने, ६ दुकानदाराच्या बाजूने, आणि २२ जण गप्प.

मला आज बोलायचंय ते या बावीस जणांबद्दल. कारण कार्यक्रम त्यांच्याबद्दल फार बोलत नाही. बोलणार तरी काय? जो बोलला त्याच्याकडे किन्योनेस माइक घेऊन धावतो, संगीत वाजतं, डोळ्यांत पाणी येतं. जो पावाचा पुडा उचलून निघून गेला, त्याची पाठ तेवढी दिसते. आपण घरी बसून म्हणतो, काय निर्लज्ज माणूस आहे. मीही म्हटलंय.

आता १९६८ मध्ये जाऊ. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थ्याला एका खोलीत एकटं बसवलं, कानाला हेडफोन, बोलायला माइक. कॉलेजातल्या अडचणींवर इतरांशी गप्पा मारायच्या. मध्येच त्यातल्या एकाला फिट येते, आवाज अडखळतो, तो मदत मागतो. हा आवाज आधीच टेप केलेला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले ८५ टक्के, फिट चालू असतानाच उठून सांगायला गेले. आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के.

हे आकडे पुष्कळांनी ऐकलेले असतात. पण त्या प्रयोगावरच्या लेखातली एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. जे उठले नाहीत, ते निवांत बसले होते का? नाही. संशोधक खोलीत गेला तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता. ते स्वतःच विचारत होते, तो बरा आहे ना? कुणी बघतंय ना त्याच्याकडे? मदत करायची नाही असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. त्यांचं काहीच ठरत नव्हतं. मिनिटं त्यातच गेली.

त्याच दोघांचा दुसरा प्रयोग तर मला विनोदी वाटतो, म्हणजे वाचताना. खोलीत फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडायचा. एकटा माणूस असेल तर चारातले तिघं उठून सांगतात. पण शेजारी दोन माणसं खांदे उडवून फॉर्म भरत राहिली, की दहातला एकच उठतो. बाकीचे खोकतात, डोळे चोळतात, हाताने धूर बाजूला सारतात आणि पुढचा प्रश्न वाचतात! नंतर विचारलं तर म्हणे, एसीची वाफ असेल. आपण एकमेकांच्या चेहऱ्यावरून आग लागलीय की नाही ते ठरवतो, आणि प्रत्येक चेहरा शांत दिसायचा प्रयत्न करत असतो.

या सगळ्या संशोधनाला जी ठिणगी पडली ती मार्च १९६४ ची. न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी खिडकीतून बघत राहिले, हल्ला चालू असताना कुणी पोलिसांना फोन केला नाही, असं न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलं. ही गोष्ट जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. २०१६ साली वर्तमानपत्रानेच कबूल केलं की बातमीत अतिशयोक्ती होती. सोफिया फॅरर ही शेजारीण तर धावत खाली गेली होती, मरणासन्न किटीला तिने मिठीत धरून ठेवलं होतं. अडतीस बघ्यांच्या गोष्टीत ही एक बाई बसत नव्हती, म्हणून ती पन्नास वर्षं बाहेर राहिली.

आणि २०१९ मध्ये आलेला एक अभ्यास सांगतो की लँकेस्टर, ॲम्स्टरडॅम आणि केप टाउनमधल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तर दहापैकी नऊ वेळा निदान एक जण तरी मध्ये पडला होता. गर्दी जास्त, तर कुणीतरी पडण्याची शक्यताही जास्त. मग डार्ली-लाटाने चुकले का? मला नाही वाटत. एकेका माणसाचं पाऊल गर्दीत जड होतं हे खरं, पण पावलंच जास्त असतात. शिवाय रस्त्यावर एकमेकांचे चेहरे दिसतात. हेडफोन लावून बसलेल्याला कुणाचा दिसणार?

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, तुम्ही त्या बेकरीत असता तर? मी टाळलं होतं. सांगते.

काही वर्षांपूर्वी एका बँकेच्या रांगेत होते. माझ्यापुढे एक आजोबा. हयातीच्या दाखल्यासाठी आले होते, अंगठा मशीनवर उमटत नव्हता. पलीकडचा तरुण त्यांना जे बोलला ते मी इथे सांगत नाही. आजोबा अंगठा शर्टाला पुसत होते, पुन्हा ठेवत होते, पुन्हा पुसत होते. मी काय करत होते? पासबुकातल्या नोंदी वाचत होते. एकूण चारच नोंदी होत्या. मागे सहा-सात जण, सगळे मोबाईलमध्ये. मला वाटलं, कदाचित ही इथली रोजचीच भाषा असेल.

आजोबा गेले. दारात छत्री उघडायला त्यांना वेळ लागला. ते पायऱ्या उतरले आणि मागून एक बाई म्हणाल्या, “काय बोलायची पद्धत आहे का ही?” मग सगळेच बोलायला लागले. तेव्हा मीही बोलले. चांगली मोठ्याने बोलले.